सहाव्या अक्षराची जागा

आमच्या घरातल्या अभ्यासाच्या खोलीचं दार आतल्या बाजूला उघडतं, आणि आमचे हे नेमके त्याच दाराला पाठ लावून बसतात. बाकी भिंतींना छतापर्यंत पुस्तकं, खिडकीखाली माझं टेबल आणि जमिनीवर कागदांचे गठ्ठे. खुर्ची ठेवायला उरली ती दाराची जागा. एकदा हे बसले की दार उघडायचं म्हणजे आधी यांना उठवायचं, यांना उठवायचं म्हणजे वाक्य मोडायचं, आणि वाक्य मोडलं की दिवस फुकट गेला. त्यामुळे सकाळचा चहा झाला की आधी मी आत, माझ्यामागून हे, मग खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि दुपारच्या जेवणापर्यंत मी तिथे अडकलेली. कोणी बेल वाजवली तर वाजवू दे. दूध उतू जाऊ नये म्हणून सकाळी मी गॅसवर काही ठेवतच नाही.

लोक म्हणतात, नवऱ्याचे डोळे गेले तर ही त्याचे डोळे झाली, केवढं मोठं मन. म्हणायला काय जातंय? ते सगळे दाराच्या बाहेर उभे राहून म्हणतात. आत बसून दाखवा म्हणावं. खिडकी बंद, कारण वाऱ्याने गठ्ठे विस्कटले तर यांना चाचपून कागद सापडत नाहीत. पंखा बंद, त्याच कारणाने. माझ्या टेबलापर्यंत जायला गठ्ठ्यांमधून एक पायवाट ठेवली आहे, तिच्यावरून अंग चोरून जावं लागतं. जुन्या कागदांचा, यांच्या गुडघ्याला लावायच्या तेलाचा आणि आमच्या दोघांच्या श्वासाचा वास तिथे कायमचा मुक्कामाला आलेला. मी जन्मभर पाण्यात काम केलेली बाई. श्वास कसा धरायचा हे मला कोणी शिकवायला नको. पण पाण्यात निदान मान वर काढता येते.

आणि हे सगळं कशासाठी, तर एका अक्षरासाठी. तेही वर्णमालेतून हाकललेल्या.

ग्रीकांच्या जुन्या वर्णमालेत सहाव्या जागी एक अक्षर होतं, दिगम्मा. यांनी तरुणपणी त्याच्यावर एक लेख लिहिला, मग लेखाची पुरवणी, मग पुरवणीतल्या चुका दाखवणारा लेख, आणि कॉलेजातून निवृत्त झाल्यावर पुस्तक लिहायला घेतलं. लग्न झाल्यावर वर्षाच्या आतच मी त्या अक्षराला सवत म्हणायला लागले होते. हे हसायचे. सवत दिसायला अगदीच काडी: एक उभी रेघ आणि तिच्या उजव्या अंगाला दोन आडव्या. गॅमा नावाची दोन अक्षरं एकावर एक ठेवल्यासारखं दिसतं म्हणून दिगम्मा, म्हणजे दुहेरी गॅमा. पण ते नाव मागाहून पडलेलं. मूळ नाव बहुधा ‘वाउ’. ते आलं फिनिशियन लोकांच्या लिपीतून, आणि त्यांच्याकडे त्याचा अर्थ होता अडकवायचा आकडा, हुक. हे कळल्यावर मी म्हणाले होते, नाव अगदी बरोबर आहे, आपण दोघंही त्याच्यावरच टांगलेले आहोत.

त्याचा आवाज ‘व’चा. खालच्या ओठाला दात न लावता, ओठ गोल करून काढलेला ‘व’. ग्रीक लोक तो हळूहळू गिळायला लागले. घराला ते ‘वोइकोस’ म्हणायचे, त्याचं ‘ओइकोस’ झालं. शब्दाला ‘वेपोस’ म्हणायचे, त्याचं ‘एपोस’ उरलं. आवाज गेला तसं अक्षरही वर्णमालेतून गेलं. पण ते लोक आकडेही अक्षरांनीच लिहायचे, आणि सहाव्या जागेवरचं अक्षर म्हणजे सहा, तेव्हा मोजण्यापुरतं याला ठेवून घेतलं. बोलायला नको, पण मोजायला हवं. ते ऐकून मी म्हणाले, “अहो, ही माझी सवत नव्हे, ही तर सख्खी बहीण निघाली.” तेव्हा यांचे डोळे शाबूत होते. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि परत लिहायला लागले.

मी जलतरण तलावावर कोच होते. मुलांच्या बॅच सगळ्यांनाच हव्या असतात. मी बायकांची मागून घ्यायची. पन्नाशी उलटल्यावर आयुष्यात पहिल्यांदा पाण्यात उतरणारी बाई किती घाबरते आणि तरंगायला लागल्यावर कशी हसते, हे ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. मग काचबिंदूने यांची नजर कडेकडेने खात मधोमध आणली, आणि शेवटी तीही नेली. पुस्तकाची शेवटची प्रकरणं राहिली होती. डॉक्टरांकडून परत येताना हे गाडीत एक शब्द बोलले नाहीत. मला इतकं भरून आलं की मी म्हणाले, “पुस्तक होईपर्यंत मी तुमचे डोळे. पुस्तक झालं की मी माझ्या तलावावर.” यांनी माझा हात चाचपून धरला आणि म्हणाले, “ठरलं.” मी नोकरीवर पाणी सोडलं. शब्द माझाच, तेव्हा तक्रार तरी कोणाकडे करणार?

आमची कामाची पद्धत ठरलेली. हे बोलतात, मी लिहिते, आणि वाक्य उतरवून झालं की मी म्हणते, “पुढे.” हा शब्द मी तलावावरून आणलेला. शिकाऊ बाई मधेच पाय टेकून उभी राहिली की काठावरून मी एवढंच म्हणायची. ओरडायचं नाही, समजूत काढायची नाही, नुसतं पुढे. यांना त्याची अशी काही सवय लागली की लेकीने रेकॉर्डर आणून दिला, तेव्हा हे त्याच्यापुढे एक वाक्य बोलले, थांबले, वाट पाहिली आणि म्हणाले, “हा काही म्हणतच नाही.”

“बाबा, तो ऐकतो,” लेक म्हणाली.

“ऐकणारे खूप आहेत.”

रेकॉर्डर खोक्यात आणि खोकं कपाटावर गेलं. लेक मला स्वयंपाकघरात म्हणाली, “आई, तू बाबांना डोक्यावर बसवून ठेवलंयस.” मी म्हणाले, डोक्यावर बसले असते तर परवडलं असतं, ते दाराला टेकून बसलेत.

शेवटचं प्रकरण दिगम्माच्या उच्चाराचं, आणि तिथे आमचं घोडं जे अडलं ते हलायलाच तयार नव्हतं. तो आवाज नाहीसा होण्याआधी नक्की कसा होता? ओठांचाच होता, की आधीच दातांकडे सरकला होता? हे मला जवळ बोलवायचे आणि हाताची मागची बाजू माझ्या तोंडापुढे धरायचे. “ओठांचा म्हण.” मी म्हणायची, “वा.” हातावर गोल, उबदार फुंकर बसायची. “आता दातांचा.” मी म्हणायची, आणि बारीक, गार हवा जायची. हे मान हलवायचे, दोन-चार वाक्यं सांगायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी विचारायचे, “काल शेवटी काय लिहिलं?” मी वाचून दाखवायची.

“खोड ते,” हे म्हणायचे. “माझी खात्री नाही.”

असं किती दिवस चाललं होतं ते मी मोजलं नाही. मोजलं असतं तर वेड लागलं असतं. एका ओठाच्या आवाजावर माझा जीव टांगलेला होता. शेजारीण भिंतीपलीकडून माझं दातांचं आणि ओठांचं ‘वा, वा’ ऐकायची आणि जिन्यात भेटली की विचारायची, “गाणं शिकताय का?”

अशात तलावावरच्या मॅनेजरबाईंचा फोन आला. तलाव दुरुस्तीसाठी बरेच महिने बंद होता, तो उघडत होता.

“सकाळची बायकांची बॅच तुमच्याशिवाय कोणाला देऊ?” त्या म्हणाल्या. “सगळ्या वयाच्या, सगळ्या भित्र्या. तरुण कोचचं ऐकत नाहीत, म्हणतात तुला काय कळतंय गुडघ्यांचं.”

“कधीपासून आहे?”

“सोमवारपासून. शनिवारपर्यंत सांगा. दुसऱ्या कोणाला घेतलं तर मग मी तुमच्यासाठी काही करू शकणार नाही.”

माझंही वय थांबून राहिलं नव्हतं. ही बॅच गेली की पुढच्या वेळी फोन येणार नाही, हे न सांगता कळत होतं. संध्याकाळी मी यांना सांगितलं.

“तलावावरून फोन होता. सकाळची बॅच देतायत.”

“अरे वा.”

“सोमवारपासून.”

“पुस्तक झालं की जा ना,” हे म्हणाले. “मी कुठे अडवतोय?” आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दाराला खुर्ची लावून बसले.

त्या दुपारी हे झोपल्यावर मी बाहेर पडले. कपाटाच्या तळाशी पोहण्याचा जुना पोशाख होता, त्याचं इलॅस्टिक सैल झालेलं. लॉकरची किल्ली इतकी वर्षं बाहेरच्या दारामागच्या खुंटीवर होती, ती घेतली. तलाव उघडायला अवकाश होता, पण पाणी भरलेलं होतं, आणि मॅनेजरबाईंनी मला पाहून काही न विचारता जाळीचं फाटक उघडलं. मी पाण्यात उतरले. पहिल्या फेरीला दम लागला. दुसऱ्या फेरीला हात आपोआप पडायला लागले, आणि मधोमध आल्यावर मी पाठीवर वळून नुसती पडून राहिले. वर उंच छप्पर होतं आणि माझ्या चारी बाजूंना कोणीही नव्हतं. मला इतकं बरं वाटलं की त्याची मला भीती वाटली.

घरी येऊन साबण लावून आंघोळ केली, केस वाळवले. हे अजून झोपलेलेच होते. कोणाला काही कळलं नाही अशा थाटात मी चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी जवळ बोलावलं, हात तोंडापुढे धरला. “ओठांचा म्हण.” मी म्हणाले. हात खाली गेला नाही. हे जरा पुढे वाकले, आणि त्यांचं नाक हललेलं मी पाहिलं. क्लोरीन एका आंघोळीने जात नाही हे मला यांच्याहून चांगलं माहीत.

“हं,” हे शेवटी म्हणाले. “हे प्रकरण पहिल्यापासून घेऊ.”

“पहिल्यापासून?”

“पायाच कच्चा राहिलाय.”

मी माझ्या टेबलापाशी गेले आणि कोरा कागद घेतला. आदल्या दिवशी काही वेळ मोकळी होते, त्याचा दंड म्हणून सबंध प्रकरण पुसलं गेलं, हे मला स्वच्छ दिसत होतं, आणि ज्यांनी पुसलं ते सभ्यपणे पुढचं वाक्य सांगत होते. दाराकडे पाहिलं. दार दिसतच नव्हतं, हेच दिसत होते. मला ओरडावंसं वाटलं. मी म्हणाले, “पुढे.”

शनिवारी केस कापणारा येतो. त्याला आम्ही कैची म्हणतो, कारण बोलताना आणि न बोलतानाही त्याची कैची चालूच असते. हे बाहेरच्या खोलीत गळ्याभोवती चादर लावून बसतात आणि त्याला अक्षराच्या गोष्टी सांगतात. ग्रीकांचा एवढा इतिहास ऐकलेला केस कापणारा दुसरा नसेल. तो असला की मला घटकाभर बाहेर पडता येतं. मी मॅनेजरबाईंना नाही म्हणून सांगायला निघाले होते. फोनवर सांगायची हिंमत नव्हती. समोर जाऊन लॉकरची किल्ली परत द्यायची आणि मोकळं व्हायचं, असं ठरवलं होतं. मोकळं व्हायचं म्हणजे काय, तर परत येऊन त्या खोलीत बसायचं.

खाली रस्त्यावर आल्यावर लक्षात आलं की किल्ली खुंटीवरच राहिली. परत जिना चढले. केस उडतात म्हणून कैची दार अर्धं उघडं ठेवतो. आत शिरणार तोच त्याचा आवाज आला.

“मग साहेब, तुमच्या त्या सहाव्याचं काय झालं? गेल्या वेळी शेवटच्या घटका मोजत होतं.”

“गेलं,” हे म्हणाले. “पण खरी मजा गेल्यानंतरची आहे.”

यांचा तो आवाज मी फार दिवसांत ऐकला नव्हता. वर्गात शिकवायचे तो. मी उंबऱ्याबाहेर थांबले.

“हे बघ. त्यांच्या कवितेत साधारण असं असतं, की एक शब्द स्वरावर संपला आणि दुसरा स्वराने सुरू झाला, तर पहिला स्वर गिळायचा. आपणही बोलताना गिळतोच. कवी जागोजागी गिळतात. पण काही ठरावीक शब्दांच्या आधी गिळत नाहीत. थांबतात. मधे कोणीतरी उभं आहे असे थांबतात.”

“कोण असतं उभं?”

“कोणी नाही. तिथे काही लिहिलेलं नाही, ऐकू येण्यासारखं काही नाही. गाणाऱ्याच्या तोंडातून तो आवाज केव्हाच गेलेला. पण त्याच्या आधीच्यांनी तिथे जागा सोडली होती, म्हणून हाही सोडतो. कशासाठी ते त्याला सांगता यायचं नाही. पुढे हजारो वर्षांनी कोणीतरी त्या मोकळ्या जागा जुळवल्या आणि म्हणाला, अरे, इथे दिगम्मा होता.”

“आणि आवाज कसला होता म्हणालात? दातांचा की कसला?”

“ओठांचा. त्यात शंका कधीच नव्हती.”

मी भिंतीला हात टेकला. हे बोलतच होते. एकामागून एक वाक्यं, न अडखळता, न खोडता, सगळं प्रकरण जसंच्या तसं पाठ. कुठल्या बोलीत तो आवाज आधी गेला, कुठल्या गावांनी तो अधिक काळ धरून ठेवला, सगळं. मग शेवटचं वाक्य आलं, ते शेवटचंच आहे हे यांच्या सुरावरून कळलं: “एका डोंगराळ भागातल्या बोलीत, कोकराला जो शब्द आहे त्यात, त्याची खूण आजही टिकून आहे.”

“म्हणजे कोकराने वाचवलं म्हणायचं,” कैची म्हणाला. “झालं की मग पुस्तक.”

“झालंय. केव्हाच झालंय.”

कैचीची कैची थांबली. “मग वहिनींना सांगत का नाही? त्या तर म्हणत होत्या अडलंय म्हणून.”

“सांगितलं की ती जाईल.”

“कुठे?”

“तलावावर.”

“तलाव काय सातासमुद्रापलीकडे आहे? जेवायला घरीच येतील.”

“तुला बोलायला सोपं आहे,” हे म्हणाले. “मला आता खोलीत कोणी आहे की नाही हेच समजत नाही. ती ‘पुढे’ म्हणते तेव्हा समजतं. तेवढंच समजतं.”

“मान सरळ,” कैची म्हणाला, आणि परत कापायला लागला.

मी दारातून हात आत घालून खुंटीवरची किल्ली काढली आणि आवाज न करता जिना उतरले. खालच्या पायरीवर बसले. मला राग आला होता. इतके दिवस माझ्या तोंडापुढे हात धरून वा म्हणायला लावलं, आणि शंका कधीच नव्हती. रागाच्या खाली आणखी काहीतरी होतं, ते मी तेव्हा वर येऊ दिलं नाही. मॅनेजरबाईंना फोन लावला आणि म्हणाले, “सोमवारी येते. किल्ली माझ्याकडेच आहे.”

कैची सामान घेऊन उतरला तेव्हा मी अजून तिथेच होते. त्याने माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या किल्लीकडे पाहिलं, आणि त्याला काय समजायचं ते समजलं. “वहिनी, साहेबांची मान आज जरा आखडली आहे,” एवढंच म्हणून गेला.

वर आले. हे आंघोळीला गेले होते. मी अभ्यासाच्या खोलीत गेले, दार लावलं नाही, नुसतं लोटलं, टेबलावरचे कागद आणि पेन घेतलं, आणि यांच्या खुर्चीवर जाऊन बसले. हे आले, ढकलल्यावर दार अडलं.

“कोण आहे?”

“मी.” मी उठून यांना आत घेतलं, परत दार लावलं आणि खुर्ची परत दाराला लावून बसले. “आज मी इथे बसते. तुम्ही टेबलापाशी बसा.”

“मला तिकडची वाट सापडायची नाही.”

“सापडेल. गठ्ठे तुम्हीच लावलेत.”

हे निघाले. एका गठ्ठ्याला पाय लागला, तो कलंडला, कागद पसरले. एरवी मी धावले असते. हे क्षणभर थांबले, मग टेबलाची कड सापडेपर्यंत हात पुढे धरून गेले आणि माझ्या स्टुलावर बसले. केस नुकते कापलेले, मान कोवळी दिसत होती. मला तिकडे बघायचं नव्हतं.

“पुढे,” मी म्हणाले.

“कुठपर्यंत आलो होतो आपण?”

“कैचीला सांगितलंत तिथपर्यंत.”

“ऐकलंस तर,” हे म्हणाले.

“ओठांचाच होता ना? शंका कधीच नव्हती?”

“नव्हती.”

“मग माझ्या तोंडापुढे हात कशाला धरत होतात?”

यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले, जणू ते कोणी मागितले होते. “तू जवळ यायचीस,” म्हणाले.

“नुसतं बोलावलं असतंत तर आले असते,” मी म्हणाले. “मला कोंडून काय मिळवलंत? मी दिवसेंदिवस या खोलीत घुसमटत होते. तुम्ही समोर बसून ते ऐकत होतात. रोज माझा श्वास हातावर घेत होतात, आणि तो कोंडलाय हे कळलं नाही?”

“कळलं.” हे थांबले. “मला भीती वाटते गं.”

“मलाही वाटते. तुम्हाला सोडून जायची वाटते आणि इथेच राहायची त्याहून जास्त वाटते. सोमवारपासून मी तलावावर जाणार आहे. जेवायला घरी येईन.” मी मांडीवरचा कागद सरळ केला. “पुढे.”

आणि यांनी सांगायला सुरुवात केली. न खोडता. स्वर गिळायच्या नियमापासून कोकरापर्यंत. जेवणाची वेळ टळून गेली, माझी बोटं आखडली, पाठ दाराला लागून भरून आली. इतके दिवस हे कसे बसत असतील असं एकदा मनात आलं. शेवटचं वाक्य मी उतरवलं, त्यापुढे टिंब दिलं, आणि सवयीने म्हणाले, “पुढे.”

“पुढे काही नाही,” हे म्हणाले.

मी उठले, खुर्ची ओढून बाजूला केली आणि दार उघडलं. मग खिडकीही उघडली. वारा आला, आणि गठ्ठ्यांवरचे कागद उठायला लागले.

“कागद,” हे पुटपुटले.

“पुस्तक झालंय. आता उडू देत.”

सोमवारी सकाळी मी यांचा चहा झाकून ठेवला, “येते” म्हणाले, आणि हे “हो” म्हणाले. दारात आले नाहीत. तलावावर बायका काठाला ओळीने उभ्या होत्या, नव्या टोप्यांमध्ये सगळ्या सारख्याच दिसत होत्या. एक माझ्याहून मोठी होती. ती पाण्यात उतरली आणि काठाची दांडी दोन्ही हातांनी अशी धरून राहिली की कोणी सोडवायला जाऊ नये.

“सोडवत नाही हो मला,” ती म्हणाली.

“नका सोडू,” मी म्हणाले. “धरूनच सरका. पुढे.”

ती सरकली. तो शब्द त्या उंच छपराखाली म्हणायला मला इतका हलका लागला की मी उगाचच दोनदा म्हणाले.

घरी आले तेव्हा केस ओलेच होते. वाळवायची आता गरज नव्हती. अभ्यासाच्या खोलीचं दार सताड उघडं होतं, खुर्ची खिडकीकडे सरकवलेली. कपाटावरचं खोकं खाली आलेलं होतं. न दिसता, या वयात, कशावर चढून काढलं असेल, देव जाणे. हे पाठमोरे बसले होते, रेकॉर्डर मांडीवर, आणि कोप्पा नावाच्या अक्षरावर काहीतरी सांगत होते. तेही वर्णमालेतून गेलेलं, आकडा म्हणून उरलेलं. म्हणजे आणखी एक सवत. मी हसणार होते.

हे एक वाक्य बोलले आणि थांबले. मला वाटलं, विचार करतायत. मग दुसरं बोलले आणि परत तेवढेच थांबले. तिसऱ्या वाक्यानंतर मला कळलं. यंत्राला लिहून घ्यायला वेळ लागत नाही, ते काही म्हणतही नाही. पण वाक्य उतरवून मला ‘पुढे’ म्हणायला जेवढा वेळ लागायचा, नेमका तेवढा वेळ हे प्रत्येक वाक्यानंतर गप्प राहत होते.

दार उघडं होतं, वाट मोकळी होती, आणि माझे पाय उंबऱ्यावर अडकले होते. केसांतलं पाणी मानेवरून आत ओघळत होतं. पुढचं वाक्य संपलं. माझे ओठ उघडले. मी ते घट्ट मिटून घेतले आणि तेवढा वेळ जाऊ दिला, आणि मग हे पुढे बोलू लागले.